युरियाचं पोतं आणि वालाच्या मुळावरची गाठ : मांडव्याच्या शेतात नत्र येतं कुठून, जातं कुठे?

मांडवा (ता. अलिबाग) : भाताला युरिया मारला की चार-पाच दिवसांत शेत हिरवंगार दिसतं आणि शेतकऱ्याला वाटतं, खत लागू पडलं. खरं म्हणजे पोत्यातला मोठा हिस्सा तोवर शेतातून निघून गेलेला असतो. भातखाचरात वरून फेकलेल्या युरियातलं साधारण 30 ते 40 टक्केच नत्र पिकाच्या वाट्याला येतं. थोडं जमिनीत राहतं. बाकीचं हवेत उडतं, पाण्याबरोबर वाहतं किंवा जमिनीखाली झिरपतं.

45 किलोच्या पोत्यात 46 टक्के म्हणजे 20 किलो 700 ग्रॅम नत्र असतं. त्यातलं 6 ते 8 किलो भाताला मिळतं. उरलेल्याचं काय होतं, हे ठरवणारे कामगार डोळ्यांना दिसत नाहीत. ते म्हणजे जमिनीतले जिवाणू. हेच जिवाणू एका बाजूने हवेतलं नत्र फुकट जमिनीत आणून देतात आणि दुसऱ्या बाजूने विकत घेतलेलं नत्र परत हवेत सोडून देतात. कोणत्या जिवाणूला कधी काम मिळेल हे मात्र शेतकऱ्याच्या हातात असतं. मांडवा, रेवस, झिराड, किहीम या पट्ट्यात पावसाळ्यात भात आणि नंतर ओलाव्यावर वाल, अशी शेती पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. तिचं गणित याच जिवाणूंवर उभं आहे.

हवेत भरपूर, पीक मात्र उपाशी

आपण श्वास घेतो त्या हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे. एका गुंठ्याच्या डोक्यावर जी हवा उभी आहे तिच्यात साडेसातशे टनांहून जास्त नायट्रोजन असतो. तरीही त्याच गुंठ्यातलं भात नत्रावाचून पिवळं पडतं.

कारण सोपं आहे. हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून बसलेले असतात. हा बंध तोडण्याची ताकद कोणत्याच झाडात नाही, जनावरात नाही, माणसाच्या शरीरात नाही. तो बंध तुटून नायट्रोजनचा अमोनिया झाला, तरच पुढे पिकाला त्याचा उपयोग होतो.

हे काम दोन ठिकाणी होतं. एक कारखान्यात आणि दुसरं मातीत.

थळचा कारखाना आणि वालाचा कारखाना

मांडव्याहून अलिबागकडे जाताना वाटेत थळ लागतं. तिथला आरसीएफचा कारखाना 1980च्या दशकात सुरू झाला. नैसर्गिक वायू आणि हवेतला नायट्रोजन वापरून तिथे अमोनिया आणि अमोनियापासून युरिया बनतो. अमोनिया बनवण्याच्या या पद्धतीत 400 ते 500 अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दाबाच्या शंभर-दोनशे पट दाब लागतो. जर्मन शास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी 1909 साली ही पद्धत दाखवली. जगातला बहुतेक युरिया आज याच मार्गाने तयार होतो.

तेच काम वालाच्या मुळावर मोहरीएवढ्या, कधी वाटाण्याएवढ्या गाठीत होतं. ना भट्टी, ना गॅस. तापमान आपल्या शेतातलं, दाब नेहमीच्या हवेचा. गाठीत राहणाऱ्या जिवाणूंना राइझोबियम म्हणतात. त्यांच्याजवळ नायट्रोजिनेज नावाचं विकर असतं. ते विकर हवेतल्या नायट्रोजनचा बंध तोडतं आणि अमोनिया तयार करतं.

जिवाणू हे काम फुकट करत नाहीत. वालाचं झाड पानांत साखर तयार करतं आणि त्यातली काही मुळावाटे गाठीला पुरवतं. बदल्यात गाठ झाडाला नत्र देते. अर्धेलीने जमीन कसावी तसा हा व्यवहार आहे. दोघांचं पोट भरतं आणि जमिनीलाही वाटा मिळतो.

कडधान्यानंतरचं पीक चांगलं येतं हे शेतकऱ्याला पूर्वीपासून ठाऊक होतं. ते का येतं, हे मात्र 1880च्या दशकात कळलं. जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी दाखवून दिलं की, कडधान्यं हवेतलं नत्र घेतात ती मुळांवरच्या गाठींमुळे. 1888 साली हॉलंडच्या बाइयेरिंक यांनी गाठीतले जिवाणू वेगळे काढून वाढवले. दुकानात मिळणारं जिवाणू खताचं पाकीट ही त्याच शोधाची पुढची पायरी.

गाठ कापून बघा

वाल पेरल्यावर साधारण 35 ते 45 दिवसांनी, फुलोऱ्याच्या आधी, शेताच्या दोन-तीन कोपऱ्यांतली एकेक झाडं काढून बघावीत. झाड ओढू नये, गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्याने बाजूची माती सैल करून मुळं अलगद उचलावीत आणि पाण्यात हलवून धुवावीत.

गाठी दिसल्या की दोन-चार नखाने किंवा ब्लेडने कापाव्यात.

– आतून गुलाबी-लाल असेल तर कारखाना चालू आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखाच एक पदार्थ गाठीत असतो, त्याचा हा रंग.
– आतून पांढरी असेल तर गाठ अजून कोवळी आहे किंवा काम करत नाही.
– हिरवट किंवा तपकिरी झाली असेल तर तिचं काम संपलं आहे.
– गाठीच नसतील तर जमिनीत योग्य जिवाणू नाहीत, किंवा नत्र आधीच जास्त झालं आहे.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. वाल जरा पिवळट दिसला की युरियाची मूठ मारण्याची सवय काहींना आहे. आयतं नत्र मिळालं की झाड जिवाणूंना साखर देणं कमी करतं. गाठी कमी होतात, असलेल्या सुस्तावतात. पेरताना शिफारशीपुरतं थोडं नत्र चालतं, कारण गाठ तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. त्यानंतरचा युरिया म्हणजे फुकटचा कारखाना बंद करून विकतचा माल आणणं. वालाला खरी गरज असते ती स्फुरदाची.

युरिया शेतात पडल्यावर काय होतं?

युरियाचा दाणा ओल्या मातीवर पडला की पहिलं काम जिवाणूंचंच. त्यांनी सोडलेलं युरिएज विकर काही दिवसांत युरियाचं रूपांतर अमोनियममध्ये करतं. हे वरच्यावरच, उन्हात झालं तर अमोनिया वायू होऊन उडून जातो. भाताच्या उभ्या पाण्यात युरिया टाकला तरी हेच घडतं. दिवसा पाण्यातलं शेवाळ वाढताना पाणी विम्लधर्मी होतं आणि अमोनिया उडायला आणखी वाव मिळतो.

जे अमोनियम मातीत शिरलं ते चिकणमातीच्या कणांना धरून राहतं. भाताला ते तसंच घेता येतं. इथपर्यंत नुकसान नाही.

पुढे दुसऱ्या गटाचे जिवाणू कामाला लागतात. नायट्रोसोमोनास हे अमोनियमचं नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टर त्याचं नायट्रेट. या जिवाणूंना हवा लागते, म्हणून भुसभुशीत, निचऱ्याच्या जमिनीत ते जोरात असतात. नायट्रेट हेसुद्धा पिकाचं अन्नच आहे. पांढऱ्या कांद्याला, भाजीपाल्याला नत्र मुख्यतः याच रूपात मिळतं. पण नायट्रेटला माती धरून ठेवत नाही. जिथे पाणी जाईल तिथे ते जातं.

युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो तो यासाठीच. निंबोळी या जिवाणूंचा वेग कमी करते, त्यामुळे नत्र अमोनियमच्या रूपात जास्त दिवस टिकतं. 2015पासून देशात शेतीसाठी विकला जाणारा युरिया निमलेपित आहे.

भातखाचरातली गळती

लावणीनंतर महिनाभराने खाचरातला चिखल हाताने उकरून बघावा. वरचा पातळ थर तपकिरी दिसतो आणि त्याखाली माती निळसर-करडी, काळपट असते. वरच्या थरात पाण्यातून थोडी हवा पोहोचते. खाली हवा जवळजवळ नसतेच.

हा रंगातला फरक म्हणजे दोन वेगळ्या जिवाणूंच्या हद्दी. वरच्या थरात अमोनियमचं नायट्रेट होतं. ते नायट्रेट पाण्याबरोबर खाली उतरतं आणि बिनहवेच्या थरात पोहोचतं. तिथल्या जिवाणूंनाही श्वास घ्यायचा असतो. हवा नाही म्हणून ते नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात. उरलेला नायट्रोजन वायू होऊन बुडबुड्यांतून परत आकाशात जातो. थळला इतका गॅस जाळून जे हवेतून काढलं, ते पुन्हा हवेत.

शेत कधी सुकतं, कधी भरतं तेव्हा ही गळती आणखी वाढते. सुकलं की नायट्रेट तयार, भरलं की ते गायब. याच वाटेवर थोडा नायट्रस ऑक्साइडही तयार होतो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट जास्त उष्णता धरून ठेवतो.

कोकणातल्या मुसळधार पावसाचं वेगळंच. खत मारलं आणि दोन तासांत जोराची सर आली, की बांधावरून उतू गेलेलं पाणी एका खाचरातून दुसऱ्यात, तिथून ओढ्यात आणि शेवटी खाडीत जातं. खत कोणाचं आणि गेलं कुठे, काही पत्ता लागत नाही.

खत खाली, नुकसान कमी

या गळतीवरचा उपाय महाराष्ट्रात बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. कृषी शास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भात लागवडीत चार गोष्टी सांगितल्या आहेत. भाताचं तूस आणि पेंढा पुन्हा शेतात वापरणं, गिरीपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडणं, ठरावीक अंतरावर लावणी करणं आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या म्हणजे ब्रिकेट खोल खोचणं.

यातलं चौथं सूत्र जिवाणूंच्या हिशेबावरच बेतलेलं आहे. दोरीला खुणा करून 15 आणि 25 सेंटिमीटर अशी आलटून-पालटून लावणी करायची. जवळच्या चार चुडांच्या मधोमध 2.7 ग्रॅमची एक गोळी 7 ते 10 सेंटिमीटर खोल दाबायची. गुंठ्याला 625 गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास माल लागतो.

खोलवर हवा नाही, म्हणून अमोनियमचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना तिथे काम करता येत नाही. नत्र अमोनियमच्या रूपातच राहतं, मातीला धरून राहतं आणि भाताची मुळं ते हळूहळू घेतात. वरचं पाणी उतू गेलं तरी गोळी जागेवरच. अडचण एकच, वाकून गोळ्या खोचायला मजूर लागतात. ज्यांना सगळ्या शेतात जमत नाही त्यांनी दोन-चार गुंठ्यांवर करून बघितलं तरी फरक डोळ्यांना दिसतो.

गोळी जमत नसेल तर निदान युरिया एकदम मारू नये. तीन हप्ते करावेत. खाचरातलं पाणी कमी करून युरिया द्यावा, मातीत मिसळावा आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाणी बांधावं. ढग दाटून आले असतील तर थांबावं.

पहिला पाऊस, पाला आणि राब

उन्हाळाभर तापलेल्या जमिनीत जिवाणू झोपल्यासारखे असतात. वळवाची एक सर पडली की ते एकदम जागे होतात, मेलेल्या जिवाणूंचा आणि कुजक्या मुळांचा फडशा पाडतात आणि बरंच नायट्रेट मोकळं होतं. पहिल्या पावसानंतर बांधावर गवत कसं तरारून येतं, ते याच नत्रावर. पण भाताचं रोप तेव्हा अजून राबातच असतं. मग जोराचा पाऊस येतो, चिखलणी होते, खाचर भरतं आणि ते नायट्रेट वायू होऊन निघून जातं. जिथे पेरायला वेळ मिळतो तिथे ताग किंवा धैंचा लवकर टाकून चिखलणीत गाडला, तर हे नत्र त्याच्या अंगात अडकून शेतातच राहतं. वेळ नसेल तर बांधावरचं गिरीपुष्प आहेच. तेही कडधान्याच्या कुळातलं झाड, त्याच्याही मुळांवर गाठी असतात. गुंठ्याला 30 किलो हिरवा पाला अशी चारसूत्रीची शिफारस आहे.

राब भाजण्याचंही थोडं समजून घ्यायला हवं. पाला-पाचोळा, शेण जाळल्याने तण मरतं आणि राख मिळते, म्हणून जुन्या लोकांनी ही पद्धत धरली. पण पाल्यातलं आणि शेणातलं नत्र धुराबरोबर जातं आणि वरच्या थरातले जिवाणूही होरपळतात. तोच पाला कुजवून गादीवाफ्यात घातला तर नत्र हाती राहतं.

कुजवणं मात्र नीट हवं. कच्चं शेण किंवा कोरडा पेंढा लावणीच्या तोंडावर घातला की उलटा परिणाम होतो. पेंढ्यात कार्बन भरपूर, नत्र कमी. तो कुजवणारे जिवाणू स्वतःसाठी लागणारं नत्र जमिनीतून उचलतात आणि रोप काही आठवडे पिवळं पडतं. नत्र गेलेलं नसतं, जिवाणूंच्या अंगात असतं. पण रोपाला हवं तेव्हा मिळत नाही.

खाऱ्या जमिनीत

रेवस-मांडव्याच्या खाडीकडच्या भागात उधाणाचं पाणी बंदिस्ती फोडून शेतात शिरलं की पीक जातंच, पण जमिनीतल्या कामगारांवरही संकट येतं. मिठामुळे राइझोबियमला मुळाशी गाठ धरणं कठीण जातं आणि नायट्रेट बनवणारे जिवाणूही मंदावतात. म्हणून अशा जमिनीत आधी पावसाच्या पाण्याने क्षार धुवून काढणं, बांध वेळेत दुरुस्त करणं आणि सेंद्रिय खत घालणं महत्त्वाचं. धैंचा क्षार बऱ्यापैकी सहन करतो आणि नत्रही धरतो, त्यामुळे खारपट्ट्यात हिरवळीच्या खतासाठी तो सोयीचा. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र पनवेलला आहे. खाऱ्या जमिनीसाठीच्या भाताच्या 'पनवेल' जाती तिथल्याच.

विहिरीचा प्रश्न

नायट्रेट जमिनीतून खाली उतरतं ते शेवटी पाण्याला मिळतं. किनाऱ्यालगतची रेताड जमीन, वर पाणी असलेल्या उथळ विहिरी, शेजारी वाडी किंवा कांद्याचे वाफे, अशा ठिकाणी जास्तीचं खत आणि शौचालयाच्या शोषखड्ड्याचं पाणी विहिरीत झिरपू शकतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅम ही नायट्रेटची भारतीय मानकातली मर्यादा आहे. त्याहून जास्त नायट्रेट तान्ह्या बाळांना धोक्याचं असतं, कारण त्यामुळे रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते. नायट्रेटला रंग, वास, चव नाही आणि पाणी उकळून ते जात नाही. त्यामुळे ज्या घरात लहान मूल आहे आणि पाणी विहिरीचं आहे, तिथे तपासणी करून घेणं चांगलं. ग्रामपंचायतीमार्फत पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो.

शेतकऱ्यांनी काय करावं?

– भाताच्या सुधारित जातींना हेक्टरी साधारण 100 किलो नत्र, म्हणजे गुंठ्याला 1 किलो नत्र किंवा सव्वादोन किलोच्या आत युरिया लागतो. माती तपासून घेतली तर आपल्या शेताचा नेमका आकडा कळतो. त्याहून जास्त मारलेला युरिया लोळण आणि किडी वाढवतो.
– वालाच्या बियाण्याला राइझोबियम लावायचं तर पाकीट 'चवळी गटाचं' आहे ना ते बघावं. सोयाबीन किंवा हरभरा गटाचं वालाला चालत नाही.
– पाकिटावरची मुदत वाचावी. उन्हात ठेवलेलं पाकीट घेऊ नये. आत जिवंत जिवाणू आहेत, ते उष्णतेने मरतात.
– 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम प्रमाण. गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळावं, सावलीत सुकवावं, त्याच दिवशी पेरावं.
– बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. रासायनिक खतात बियाणं मिसळू नये.
– ज्या शेतात दरवर्षी वाल होतो तिथे जिवाणू बहुधा असतातच. बरीच वर्षं कडधान्य न घेतलेल्या किंवा खारं पाणी शिरलेल्या शेतात पाकिटाचा फायदा जास्त.
– भात आणि पांढऱ्या कांद्याच्या मुळांवर राइझोबियमच्या गाठी होत नाहीत. त्यांच्यासाठी ॲझोटोबॅक्टर, ॲझोस्पिरिलम ही खतं वेगळी असतात. भातखाचरात निळं-हिरवं शेवाळ आणि ॲझोलाही नत्र धरतात. यातलं काहीही युरियाला पूर्ण पर्याय नाही, पण युरियाचा भार हलका करतं.
– शेंगा काढून झाल्यावर वाल मुळासकट उपटू नये. विळ्याने जमिनीलगत कापावा. मुळं, गाठी आणि गळलेली पानं शेतातच राहू द्यावीत.

वाल गेला तर काय जातं?

हा शेवटचा मुद्दा वाटतो तेवढा लहान नाही. वालाने धरलेल्या नत्राचा मोठा हिस्सा दाण्यात जातो. दाणे विकले, वेल गुरांना घातला आणि मुळंही उपटून बांधावर टाकली, तर जमिनीला काही उरत नाही आणि वाल घेऊनही भाताला फायदा दिसत नाही. मुळं आणि पाला जागेवर राहिला तरच पुढच्या पावसाळ्यात तो कुजून भाताला नत्र मिळतं. वाल खाऊन गुरांनी दिलेलं शेण शेतात परत आलं, तर तेही नत्र परत आलं.

मांडव्याला मुंबईची बोट आहे, 2020पासून रो-रोही सुरू झाली. जागेला भाव आला, घरातली कमावती माणसं नोकरी-धंद्याकडे वळली. अनेक घरांत आता भात कसंबसं होतं आणि कापणीनंतर शेत तसंच मोकळं पडतं. वालाचं उत्पन्न बुडालं हे लगेच दिसतं. पोपटीला घरचे वाल नाहीत, बिरड्याला विकत आणावे लागतात, हेही जाणवतं. पण वाल नाही म्हणजे गाठ नाही आणि गाठ नाही म्हणजे जमिनीत येणारं फुकटचं नत्र नाही, हे मात्र दिसत नाही. ती तूट मग पुढच्या वर्षी युरियाने भरली जाते.

सध्या सबसिडीमुळे युरियाचं पोतं 266 रुपये 50 पैशांना मिळतं, म्हणून ही तूट खिशाला बोचत नाही. कापणी झाली आणि जमिनीत ओल असेल तर निदान काही गुंठ्यांत वाल टोकावा. लागणारं बियाणं थोडं, पाणी ओलाव्याचं आणि नत्राचा कारखाना ज्याचा त्याच्या शेतात. जिवाणू खताची पाकिटं, ब्रिकेट आणि माती परीक्षण यांची माहिती गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडे किंवा अलिबागच्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयात मिळते.